बराकीतला ऐकण्याचा तास

माझं नाक डावीकडे वळलेलं आहे. पुष्कळ लोक कारण विचारतात आणि मी विचारणाऱ्याचं तोंड पाहून उत्तर देतो. पोरांना सांगतो, अस्वलाशी कुस्ती झाली. सोयऱ्यांना सांगतो, फुटबॉल. खरं म्हणजे हे नाक माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थ्यानं मोडलं, भर वर्गात, माझ्याच सांगण्यावरून. मोडून झाल्यावर मला उचलत त्यानं विचारलं, "बराबर झालं का जी, मास्तर?"

वर्ग जेलात होता.

त्या काळी मी नागपुरात वेड्यांच्या इस्पितळात अटेंडंट होतो. हिंगण्याकडे कारखान्यांचे पत्रे नुकते चमकायला लागले होते, आणि आज गजबजलेलं मनीषनगर तेव्हा म्हणजे नुसती तूर आणि साप. अंगानं मी असा होतो, की दारातून आत जायचं तर आधी खांदा पाठवायचो, मग मी जायचो. सावजीकडे जेवायला बसलो की मालक बाहेर 'संपलं'ची पाटी लावायचा. एकदा पोळ्याला बुजलेला बैल मी शिंगाला धरून खाली बसवला आणि त्याच्या मालकाला परत दिला. बैल नंतर माझ्याकडे पाहून मान खाली घालायचा. ज्याला पटत नसेल त्यानं बैलाला विचारावं.

आमच्याकडे जेलातून पेशंट यायचे. डोकं फिरलं म्हणून पाठवलेले. पण यायचे ते असे, की कोणाचा जबडा लोंबतोय, कोणाची बरगडी आत गेलीय, कोणाचे दात खिशात. आमचे मोठे डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, "मी याचं डोकं तपासू म्हणतो, तर आधी प्लास्टर करावं लागतं. तिथं जाऊन कोणी शिकवा रे त्या लोकांना." सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. मी त्या वेळी छताकडे पाहत होतो, म्हणून मला पाठवलं.

शिकवायचं काय, तर चार साध्या गोष्टी. माणूस आतून बिघडायला लागला हे ओळखायचं कसं, त्याच्याजवळ बसायचं कसं, त्याचं ऐकायचं कसं, आणि चवताळलाच तर न मारता धरायचं कसं. शिकवायचं कोणाला, तर कैदी-मुकादमांना. मुकादम म्हणजे कैदीच, पण चांगल्या वागणुकीवर बाकीच्यांवर देखरेखीला नेमलेला. बराकीत कोण झोपत नाही, कोण भिंतीशी बोलतो, हे शिपायाच्या आधी त्यालाच कळतं.

पहिल्या दिवशी मी जेलरला विचारलं, "बिघडलेल्या माणसाला इतकं मारता कशाला?" जेलर सज्जन माणूस, पण हसला तरी भीती वाटायची. म्हणाला, "आम्ही नाही मारत. ते आपसातच मारतात."

आणि ते खरं होतं. जेलात धोक्याची घंटा असते, तिला पगली म्हणतात. पगली वाजली की प्रत्येक कैद्यानं होता तिथून पळत बराकीत जाऊन जोडीजोडीनं खाली बसायचं, मान खाली. जो जोडीत बसलेला नाही त्याच्यावर लाठी. कोण, काय, काहून, हे कोणी विचारत नाही. लाठी आधी, चौकशी मागून. आता एखादा वेडापिसा होऊन ओरडायला लागला तर पगली वाजणार आणि सगळ्यांची टाळकी फुटणार. म्हणून पगली वाजायच्या आत शेजारचे चौघे मिळून त्याला ठोकून गप्प करायचे. चौघांच्या मारानं साऱ्या बराकीचा मार वाचायचा. तो तिथला दवाखाना होता, आणि त्याचा गुण लगेच यायचा.

माझा वर्ग भरायचा दऱ्या विणायच्या कारखान्यात, दुपारी, माग थांबले की. बारा-तेरा मुकादम उकिडवे बसायचे. त्यांनी मिळून जितकी माणसं मारली होती तितकी माणसं माझ्या लग्नालाही नव्हती. त्यांत एक वाडीचा ट्रकवाला, त्याच कारखान्याचा मुकादम. अमरावती रोडवर गोदामापुढे भाड्याच्या भांडणात दोघांची डोकी त्यानं चाक खोलायच्या लोखंडी टामीनं फोडली होती. एक तिथंच मेला, दुसरा दवाखान्यात. जन्मठेप झालेली. बरीच वर्षं भोगून आता सुटकेचा कागद मुंबईला गेला होता. एक जरी काळा शेरा पडला तर कागद परत, आणि पुन्हा कधी जाईल ते देव जाणे. त्यातच त्याच्या बायकोनं मुलाकातीच्या जाळीतून त्याला सांगून टाकलं होतं, "मी थकली आता. या खेपेले घरी या, नाई तं मी येत नाई." इतकी वर्षं दर मुलाकातीला येणारी बाई. तो मला म्हणाला, "मास्तर, ते बोलली तसं करते. तिनं मले कधी धमकी नाई देली, म्हून मले भेव वाटून राहिलं."

पहिला धडा ऐकण्याचा. मी छान समजावलं. "ज्याचं तोंड उतरलेलं दिसतं त्याच्याजवळ जाऊन बसा. विचारा, बाप्पा, काय होऊन राहिलं तुले? मग तो बोलेल ते ऐका. पुढच्या वर्गाला प्रत्येकानं एकेका माणसाचं दुःख ऐकून यायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, काय शिकवलं आपण! घरी जाताना सायकल आपोआप चालत होती.

पुढच्या वर्गाला त्यांनी एका खिसेकापूला दोन्ही दंडांना धरून आणलं. एक डोळा बंद, ओठ फाटलेला, कानातून रक्ताची रेघ. ट्रकवाला छाती काढून उभा.

"मास्तर, समदं कबूल केलं यानं."

"काय कबूल केलं बे?"

"दुःख. पयले म्हणे काहीच दुःख नाई. दोन देल्या तं म्हणे माय मेली. अजून दोन देल्या तं म्हणे बापबी मेला."

"अन् बाप खरंच मेला का?"

"नाई जी. बाप तं परवा मुलाकातीले आल्ता. चिवडा घेऊन."

खिसेकापूनं फुटक्या ओठांतून मला हात जोडले. "मास्तर, अजून पायजे का काही? माह्याजवळ एक मामा हाय. म्हनसान तं त्यालेबी मारून टाकतो."

मी विचारलं, "तुम्ही विचारलं तरी कसं याला?"

ट्रकवाल्याला प्रश्नाचं नवल वाटलं. "जसं आमाले विचारलं ठान्यात. दोघानं धरा, एकानं विचारा. दुसऱ्या तऱ्हेनं आमाले कोनी कधी काही विचारलंच नाई गा."

मास्तरपण राखायला मी आवाज चढवला. म्हणालो, आजपासून नवा कायदा. ऐकायला बसायचं ते दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून. हात मांडीखाली असले की माणसाला फक्त कानच उरतात. हा उपाय विलायतेतून आला आहे असं मी ठोकून दिलं. तो मला तिथल्या तिथं सुचला होता. मग मी खिसेकापूला मधे बसवलं आणि बारा खुनी हात मांडीखाली घालून त्याच्याभोवती बसले. त्यानं आधी एकेकाची मांडी नीट पाहून घेतली. मग म्हणाला, "काल हे लोक मारून राहिले होते तवा मले माय आठवली. ते जिती हाय. पन दुसऱ्याच्या घरी राह्यते." पुढं तो बोलतच राहिला. मागाच्या मागे एक दरोडेखोर डोळे पुसत होता आणि वर पाहून म्हणत होता, कापसाची धूळ लय हाय.

नाकाची गोष्ट त्यानंतरची. न मारता धरायचं कसं ते दाखवायला मी ट्रकवाल्याला म्हणालो, "तू वेडा झाला असं समज अन् माह्यावर ये. पूर्ण ताकदीनं." चूक त्याची नव्हती. तो आज्ञाधारक होता. पण शुद्धीवर आल्यावर मी धडा पुरा केला: मागून मिठी मारायची, दोन्ही हात त्याच्याच छातीशी गुंडाळायचे, आपलं वजन घेऊन खाली बसायचं, श्वास मोकळा ठेवायचा आणि कानाशी हळू बोलत राहायचं. ट्रकवाला ते असं शिकला, की त्याच्या मिठीत मलाच झोप यायला लागली.

मग आला आरा मशीनवाला.

लाकडाच्या वखारीत लाकूड चिरायच्या मशीनवर कामाला होता. वाटणीच्या भांडणात त्यानं सख्ख्या भावाला सागाच्या फळीनं मारलं. मरेपर्यंत मारलं आणि मेल्यावरही थांबला नाही, फळीचे तुकडे झाले तेव्हा थांबला. बराकीत आल्यापासून तो जेवत नव्हता. डाळीत भावाचं तोंड दिसतं म्हणायचा. आधीचा रिवाज असता तर पहिल्याच आठवड्यात त्याचे दात खिशात गेले असते. पण ट्रकवाल्यानं जेलरला जाऊन सांगितलं, "साहेब, याले कोठडीत एकटं टाकू नका. माह्या कारखान्यात राहू द्या, मी पाहतो. अन् इस्पितळात पाठवाची तजवीज करा."

जेलर म्हणाला, "पाठवायला हुकूम लागतो, वेळ लागेल. तोवर जबाबदारी तुझी. काही झालं तर तुझा कागद मुंबईहून परत."

मी ट्रकवाल्याला बाजूला घेऊन म्हणालो, "काहून अंगावर घेतो बे? तुझी बायको काय म्हणाली ते विसरला का?"

"विसरलो नाई जी. पन याले कोठडीत टाकलं तं हा मरते. मी पाहून राहिलो ना रोज."

दरी विणताना धागे ठोकून घट्ट करायला लोखंडी दातांचं अवजार असतं, त्याला पंजा म्हणतात. जेलात भाजी कापायला सुरी मागितली तर चौकशी बसेल, पण हा पंजा सरकार स्वतः हातात देतं. त्या दुपारी माझा वर्ग सुरू व्हायचा होता. आरा मशीनवाला कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसला होता. एकाएकी उठला, जवळच्या मागावरचा पंजा उचलला आणि पुढ्यातल्या विणकऱ्याच्या टाळूवर घातला. आवाज नारळासारखा आला. रक्त अर्ध्या विणलेल्या दरीवर उडालं. विणकरी हात पसरून आडवा झाला. दुसरा धरायला गेला, त्याच्या गालाची चामडी पंजाच्या दातांनी कानापर्यंत सोलली. "तू मेला नाई का अजून! तू मेला नाई का!" असा तो ओरडत होता, आणि ज्याच्याकडे पाही तो त्याला भाऊ दिसत होता.

मी सिंहासारखा झेपावलोच असतो, पण माझ्यापुढं मागाचा खांब होता. आडवाच येत होता खांब. मी डावीकडे सरकलो तर तोही सरकला.

चौघे जुन्या सवयीनं पुढं झाले. एकाच्या हातात मागाचा दांडा. ट्रकवाला ओरडला, "मारू नका! कोनी हात लावाचा नाई! जखमीले उचला, बाकी मागं सरा!" आणि स्वतः पुढं जाऊन त्या माणसापासून चार हातांवर खाली बसला. मांडी घातली. हात मांडीखाली.

असल्या वेळी खाली बसा असं मी कधीच शिकवलं नव्हतं. चवताळलेल्याला मागून धरायचं असं शिकवलं होतं, हे बसणं ऐकण्याच्या धड्यातलं. त्यानं दोन धडे एकात एक मिसळले होते.

"काय होऊन राहिलं गा तुले?" ट्रकवाला म्हणाला.

उत्तर म्हणून पंजा खांद्यावर आला. सदरा फाटला, मांस दिसलं. ट्रकवाल्यानं दात आवळले, पण हात काढले नाहीत.

"तू माहा भाऊ हायेस!"

"मी नाई तुहा भाऊ. मी वाडीचा ट्रकवाला. पन मीबी एकाले मारलं हाय. दोघाले. तू सांग तुहं."

दुसरा घाव मानेजवळ बसला. तिसरा उचलला आणि तिथंच थांबला. पंजा वर धरून तो माणूस बोलायला लागला. भाऊ पाणी मागत होता म्हणाला. पहिल्या फळीनंतर भाऊ म्हणाला, दादा, पाणी. आणि आपण पाण्याच्या माठाकडे पाहिलं आणि पुन्हा मारलं. पाणी जवळच होतं. हात लांबवला असता तर मिळालं असतं. हे त्यानं कोर्टातही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. ट्रकवाला फक्त मान हलवून "हाव" म्हणत होता. रक्त त्याच्या कोपरावरून जमिनीवर ठिबकत होतं आणि तो "हाव... हाव" म्हणत होता.

बोलून संपलं. मग त्या माणसानं पंजा फिरवला आणि स्वतःच्या गळ्यात खुपसायला नेला.

तेव्हा ट्रकवाल्याचे हात निघाले. एवढा जखमी माणूस इतका चपळ हलताना मी कधी पाहिला नाही, आणि मी बैल पाहिले आहेत. पंजाचे दात त्याच्या तळहातातून आरपार गेले, पण गळ्यापर्यंत पोचले नाहीत. त्यानं मागून मिठी मारली, वजन घेऊन खाली बसला, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत राहिला. काय, ते मला ऐकू आलं नाही, कारण त्याच क्षणी पगली वाजली.

कोणीतरी घाबरून दाराकडे पळाला होता, त्याचं काम. शिपाई लाठ्या घेऊन आत घुसले आणि त्यांनी पाहिलं: जमिनीवर रक्त, आणि एक खुनी हातात पंजा घेऊन दुसऱ्याला मागून आवळून बसलेला. अशा वेळी शिपायाला काय वाटेल? पहिली लाठी ट्रकवाल्याच्या पाठीवर बसली. त्यानं मिठी सोडली नाही. सोडली असती तर लाठ्या आतल्यावर बसल्या असत्या.

रिवाजाप्रमाणे बाकीच्यांनी बराकीकडे पळायचं. माझे विद्यार्थी पळाले नाहीत. ते त्या दोघांभोवती जोडीजोडीनं खाली बसले, अगदी खेटून, मान खाली, आणि हात मांडीखाली. पळाला नाही म्हणजे मार. तो नियम त्यांना पाठ होता. लाठ्या पडू लागल्या. कोणाची टाळू फुटली, कोणाचं मनगट गेलं, दरोडेखोराचे पुढचे दात गेले, पण एकही हात वर आला नाही. शिपायांनाच शेवटी गोंधळल्यासारखं झालं. मारून घेणारा माणूस हात वर करतो, त्यावर लाठी चालते. हे सगळे देवळात बसल्यासारखे बसलेले.

मी शिपायांना ओरडून सांगायला पुढं झालो. माझ्या अंगावर कैद्याचे कपडे नव्हते हे लाठीला दिसत नाही. माझं गळपट्टीचं हाड त्या दिवशी गेलं. मला पाडायला सात लाठ्या लागल्या. बरं, दोन.

आरा मशीनवाल्याला त्याच संध्याकाळी आमच्याकडे हलवलं. मोठ्या डॉक्टरांनी त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हा खरंच जेलातून आला? याच्या अंगावर एक वळ नाही!"

पण ट्रकवाल्याची चौकशी लागली. दोन माणसं जखमी, कारखाना रक्तानं भरलेला, जबाबदारी त्याची. जेलरनं मला साक्षीला बोलावलं. मी आयुष्यात क्वचित करतो ते केलं. जसं झालं तसं सांगितलं. तो खाली बसला, हात मांडीखाली घातले, घाव खाल्ले आणि ऐकत राहिला.

जेलर पेन ठेवून हसला. "मास्तर, बैलाची गोष्ट मी ऐकली आहे तुमची. ही त्याच्या वरताण आहे. टामीनं दोन डोकी फोडणारा माणूस मार खात बसेल? खरं सांगा."

मी त्याच्याकडे पाहिलं आणि लक्षात आलं, की या टेबलावर खऱ्याला गिऱ्हाईक नाही. मग मी खुर्ची पुढं ओढली.

"साहेब," मी म्हणालो, "तो वेडा पंजा घेऊन माझ्या अंगावर आला. सरकारी नोकराच्या! माझा गळा आणि पंजा यांत इतकंच अंतर. तेवढ्यात हा ट्रकवाला वाघासारखा मधे पडला. त्यानं त्याला असा उचलला, असा आपटला, उजव्या हातानं जबड्यात एक, डाव्यानं पोटात दोन..." मी उभा राहून, हात अडकवलेल्या गळ्यातल्या झोळीसकट, सगळं करून दाखवलं. जेलरच्या डोळ्यांत चमक आली. हे त्याला समजत होतं. वेड्याच्या जबड्यावर खूण का नाही, हे त्यानं विचारलं नाही.

सरकारी माणसाचा जीव वाचवला तर कैद्याला खास माफी मिळते. काळा शेरा राहिला बाजूला. कागदाला असे पाय फुटले, की तो मुंबईहून धावत आला.

सुटायच्या दिवशी सकाळी मी फाटकाबाहेर उभा होतो. त्याची बायको आधीच आलेली. बारीक बाई, पण उभी अशी, की फाटकालाच वाटावं आपण तिच्या वाटेत आलो. ट्रकवाला बाहेर आला. हाताला पट्टी, मानेवर टाक्यांची रांग. ती त्याच्या तोंडाकडे न पाहता मानेकडे पाहत राहिली.

"पुन्हा मारामारी केली ना तुमी? समदं ऐकलं मी. जबड्यात एक, पोटात दोन. शिपायानं सांगतलं मले. सुटाले आले अन् तरीबी!"

मी मधे पडलो. "अवं बाई, तसं नाई. त्यानं एकही हात उचलला नाही. ते मी..."

"तुमी ते बैलवाले मास्तर ना?" ती म्हणाली. "तुमी राहू द्या."

ट्रकवाला माझ्याकडे पाहून किंचित हसला. त्यानं खुलासा केला नाही, माझ्यावर ढकललं नाही. ती बोलत चालू लागली आणि तो तिच्या बाजूनं. एकटीनं काढलेल्या पावसाळ्यांबद्दल ती बोलत होती, घरमालकाबद्दल, दिरानं तोंड फिरवलं त्याबद्दल, जाळीतून बोलताना मागचे लोक ओरडायचे त्याबद्दल. मी सायकल हातात धरून मागं मागं. रिक्षावाले थांबत होते, दोघांनाही दिसत नव्हते.

चौकाजवळ ती अचानक थांबली. त्याच्याकडे वळून नीट पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यानं तिला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

"असे काहून पाहून राहिले?" ती म्हणाली. "बोला ना काही."

"तू बोल वं," तो म्हणाला. "मी हाव ना."